आनंदीबाईंच्या सामानातले लुगडे

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम आला की सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातील कित्येक घरांत मोठमोठ्या बॅगा उघडल्या जातात. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान किंवा फिलिपिन्सला वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींच्या या बॅगा. लोकरीचे कपडे, प्रेशर कुकर, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती, औषधांच्या चिठ्ठ्या अशी यादी आई-वडील रात्री जागून करतात. विमान कंपनीच्या वजनमर्यादेत काय बसवायचे आणि काय मागे ठेवायचे, यावरून घरोघर वादही होतात. मराठी घरात हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो १८८३ साली. सामान होते एका अठरा वर्षांच्या विवाहितेचे आणि मर्यादा वजनाची नव्हती, समाजाची होती.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची १९६८ साली आलेली कादंबरी, त्यावरील नाटक आणि २०१९ चा चित्रपट यांनी ते घराघरांत पोहोचवले. मात्र मराठीत त्यांचे चरित्र प्रथम लिहिले ते एका स्त्रीने, आणि ती याच मातीतली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. काशीबाई कानिटकर यांचा जन्म १८६१ साली आष्टा येथे झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी ते साताऱ्यात मोडत असे. सांगलीचा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. लग्नानंतर पतीच्या इच्छेखातर अक्षरओळख पक्की केलेल्या काशीबाई पुढे कथा-कादंबऱ्या लिहू लागल्या. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्यांनी हे चरित्र सिद्ध केले. आनंदीबाईंचा पत्रव्यवहार हा त्याचा मुख्य आधार. त्या पत्रांतून अमेरिकेतील थंडी, जेवणाचे हाल आणि नेसण्याचा प्रश्न हे सारे मराठी वाचकांपुढे आले.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील गणपतरावांची ही मुलगी नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांना दिली गेली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता आणि त्या ध्यासाला हट्टाची व संतापाची धार होती. अभ्यासात हयगय झाली की लहानग्या पत्नीवर हात उगारायलाही ते मागेपुढे पाहत नसत. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या मारझोडीची आठवण पतीला स्पष्ट शब्दांत करून दिली. त्याच वेळी त्यांचे ऋणही मान्य केले. चरित्रकारांनी गोपाळरावांना कधी देवपण दिले, कधी खलनायक ठरवले. दोन्ही सोयीचेच. ते पत्र मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगते.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला तो या दुःखातून. १८७८ मध्ये गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मदत मागणारे पत्र रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना लिहिले. कोल्हापूरचे अमेरिकन मिशन याच वाइल्डर यांनी उभे केले होते. वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापले खरे; पण जोडप्याने ख्रिस्ती व्हावे, हा सूर त्यात मिसळलेला होता. धर्मांतर गोपाळरावांना मान्य नव्हते, त्यामुळे प्रकरण तिथेच थांबायचे. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी चाळला आणि कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तिथे आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा पाठ सोडीना. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली, त्यांचाही उपयोग झाला नाही. अशा अवस्थेत गोपाळरावांनी ठरवले, की नोकरी सोडून आपल्याला जाता येत नसले तरी आनंदीबाईंनी एकटीने निघावे.

ही बातमी पसरताच टीकेचा भडिमार झाला. समुद्र ओलांडणे हेच मुळी पाप, त्यात बाई, त्यात एकटी. ख्रिस्ती मंडळींना वाटे, हिने आधी बाप्तिस्मा घ्यावा. सनातन्यांना वाटे, ही तिकडे जाऊन बाटणारच. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. अमेरिकेला का, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, जातीबाहेर टाकले तर काय, संकट आले तर काय आणि इतर कोणी बाई करीत नाही ते आपणच का करावे, अशा सहा प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकेक करून दिली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी तिथे जाहीर केले. पोशाख बदलणार नाही, आहार बदलणार नाही, हे त्यात ओघानेच आले. भाषणाचा परिणाम झाला. मदत येऊ लागली. व्हाइसरॉयांनीही दोनशे रुपये दिले.

प्रवासाची खरी तयारी झाली ती त्या सभागृहात, असे म्हटले तर वावगे ठरू नये. परदेशी निघालेला विद्यार्थी तिथल्या हवेचा विचार करून कपडे घेतो. आनंदीबाईंना इथल्या लोकांचा विचार करून कपडे घ्यावे लागले. कल्याणच्या दमट हवेत शोभणारे नऊवारी लुगडे, हातात बांगड्या, कपाळी कुंकू आणि शाकाहाराचे व्रत ही शिदोरी चारचौघांत जाहीर झालेली होती. त्यातला एक जिन्नस जरी वाटेत गळला असता, तरी पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीची वाट अडवायला तो पुरेसा ठरला असता.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोट निघाली. आनंदीबाईंना अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सोबतीला मिशनरी बायका होत्या, मायेचे कोणी नव्हते. बोटीवर शाकाहारी माणसाला खाण्यासारखे फारसे काही मिळत नसे. जवळपास दोन महिन्यांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घ्यायला आल्या. रोझेलमधला तो उन्हाळा आनंदीबाईंच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत सुखाचा काळ. घरातल्या मुलींशी त्यांची गट्टी जमली. आपले पदार्थ करून घालावेत, त्यांचे शिकून घ्यावे, असे दिवस गेले.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये त्या दाखल झाल्या. केवळ स्त्रियांसाठी असलेले हे वैद्यकीय विद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि आईसारखी काळजी वाहिली. पण हिवाळा कोणाच्या हाती नव्हता. पहिल्या बिऱ्हाडातली शेकोटी नीट पेटत नसे, खोलीत धूर कोंडे. कासोटा घातलेल्या लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि फिलाडेल्फियात पारा शून्याखाली उतरे. कार्पेंटर मावशींच्या दृष्टीने उपाय सरळ होता, तिकडचा गरम पोशाख घालावा. पण श्रीरामपूरच्या सभेतला शब्द आड येत होता आणि हजारो मैलांवर बसलेल्या गोपाळरावांच्या पत्रांतून संशय व टोमणे डोकावत होते.

आनंदीबाईंनी यावर काढलेला तोडगा साधा होता. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाय घोट्यापर्यंत झाकले जात आणि आत परकर घालता येई. शब्द मोडला नाही आणि थंडीलाही थोडा आडोसा झाला. आज वाचताना ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण त्यासाठी त्यांना पत्रातून पतीला कारणे द्यावी लागली, समजूत घालावी लागली. नवव्या वर्षापासून काय नेसावे, काय वाचावे, कुठे जावे हे दुसऱ्यांनी ठरवलेल्या मुलीने अंगावरच्या वस्त्राबाबत घेतलेला हा स्वतःचा निर्णय होता. त्यांच्या आयुष्याचे मोठे टप्पे सगळेच सांगतात. हा छोटा टप्पा त्याहून कमी महत्त्वाचा नाही.

आहाराबाबत असा मधला मार्ग निघाला नाही. मांस-मासे वर्ज्य, आपले धान्य मिळायची पंचाईत, त्यात दिवसभराची व्याख्याने आणि शवविच्छेदनाचे तास. घटसर्पाचे दुखणेही येऊन गेले. खोकला मागे लागला.

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या वेशातल्या दमास्कसच्या सबात इस्लांबुली. तिघीही घरून आणलेल्या पोशाखात. छायाचित्रात थंडी दिसत नाही.

सामानात न बांधता नेलेली एक गोष्ट मात्र आनंदीबाईंच्या फार कामी आली. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर. जुन्या संस्कृत ग्रंथांतील ज्ञान आणि अमेरिकेतील पाठ्यपुस्तके अशा दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. १८८५ मध्ये अमेरिकेत पोहोचलेले गोपाळराव समारंभाला हजर होते आणि पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाकडून आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची सूत्रे सांभाळण्याचे बोलावणे आले आणि त्यांनी ते स्वीकारले. ज्या गावातून पहिले पत्र गेले होते, त्याच गावी त्या डॉक्टर म्हणून परतणार होत्या.

तसे घडले नाही. परतीच्या प्रवासात क्षयाने त्यांना पुरते ग्रासले. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या तेव्हा चालण्याचेही त्राण उरले नव्हते. बहिष्काराची भीती घातली गेली होती, प्रत्यक्षात पुण्यात लोक त्यांच्या दर्शनाला लोटले. वैद्यांची औषधे झाली, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

या मृत्यूचे खापर लुगड्यावर किंवा शाकाहारावर फोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो अपुरा आहे. प्रकृती कलकत्त्यातच बिघडलेली होती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केला तो १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी. त्यावर परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. लोकरी झग्यात राहूनही त्या काळी अमेरिकेत असंख्य माणसे क्षयाने मरत होती. तरीही धुराची खोली, थंडी आणि अर्धपोटी दिवस यांनी आजाराला वाट मोकळी करून दिली, हेही नाकारता येत नाही. दुखण्याच्या दिवसांत तरी शब्द सैल करा, असे त्यांना सांगणारे इथून कोणी नव्हते.

कोल्हापूरची जागा त्यांच्याविना राहिली. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर सांगलीत आले. तेही १८६५ सालचेच, आनंदीबाईंच्या वयाचे. पुढे त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये तिथे वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. कृष्णाकाठच्या तरुणांना डॉक्टरकीचे धडे घरापासून हाकेच्या अंतरावर मिळू लागले. वॉन्लेस यांना दीर्घायुष्य लाभले, हजारो शस्त्रक्रिया झाल्या, सर हा किताबही मिळाला.

पुण्यात दहन झाल्यावर गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची नोंद तिथल्या दगडावर आहे.