सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : एका सरकारी नोकराचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे देताना आपल्या स्मरणिकांतून बहुधा आपल्याच ज्ञातीतील व्यक्तींची निवड केली जाते. त्यात वावगे काही नाही. परंतु ह्या खेपेस आम्ही निवडलेला पुरुष आपल्या ज्ञातीतील नव्हे, किंबहुना महाराष्ट्रातीलही नव्हे. तो म्हैसूर संस्थानात जन्मास आला, पुण्यास शिकला, आणि त्याने आपल्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घालविली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचे नाव. त्यांची धरणे व त्यांचे कारखाने ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. आम्ही मात्र त्यांच्याकडे एक सरकारी नोकर ह्याच दृष्टीने पाहणार आहोत. कारण आपल्या सभासदांपैकी कितीतरी कुटुंबांची चूल सरकारी अथवा निमसरकारी पगारावर पेटते, आणि मुलाला नोकरी लागली की आपले कर्तव्य संपले असे मानणारे पालकही आपल्यात थोडे नाहीत. नोकरी लागल्यावर खरे शिक्षण सुरू होते, हे ज्यांच्या आयुष्यावरून शिकावे अशांत विश्वेश्वरय्यांचे स्थान फार वरचे आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६०–६१ च्या सुमारास चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतज्ञ. घरी विद्या होती, पैसा नव्हता. पितृछत्र लहानपणीच हरपले. पुढे बंगलोरास मामांच्या आधाराने व दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवून त्यांनी शिक्षण चालविले आणि सेंट्रल कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळविली. येथवरची हकीकत त्या काळच्या अनेक गरीब विद्यार्थ्यांची आहे. वेगळे घडले ते ह्यापुढे. म्हैसूर सरकारने त्यांस शिष्यवृत्ती देऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्र शिकण्यास पाठविले. १८८३ साली ते इलाख्यात पहिले आले. ह्या कॉलेजातून पहिल्या येणाऱ्यास मुंबई सरकारच्या खात्यात जागा मिळण्याची तेव्हा सोय होती. तिचा लाभ होऊन १८८४ साली ते असिस्टंट इंजिनियर झाले आणि नाशिकास रुजू झाले. शिष्यवृत्ती आणि राखून ठेवलेली एक जागा, ही दोन दारे त्यांच्यासाठी कोणीतरी उघडी ठेविली होती, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

नोकरीच्या आरंभीच खानदेशात त्यांची परीक्षा झाली. धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहातून नळ टाकण्याचे काम त्यांजकडे आले. पावसाळा लागला, पाण्याने कामाची दैना होऊ लागली. तेव्हा काम काही काळ तहकूब ठेवावे असे त्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांस ते रुचले नाही व त्यांनी नापसंती कळविली. नवा माणूस अशा वेळी एकतर खचतो, नाहीतर साहेबाच्या नावाने बोटे मोडीत बसतो. विश्वेश्वरय्यांनी दोन्ही केले नाही. ते कामास भिडले आणि काम पुरे करून दाखविले. पुढे त्याच वरिष्ठांकडून त्यांची वाखाणणी झाली.

१८९३ च्या सुमारास त्यांस सिंधमधील सक्कर येथे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठविण्यात आले. उष्मा भयंकर, नदीचे पाणी गढूळ, आणि पाणी गाळण्याचे मोठाले हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नाही, अशी स्थिती होती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खोदविली आणि तिला जोडून पात्राखालून बोगदा नेला. वाळूच्या थरांतून झिरपलेले पाणी आपोआप गाळले जाऊन विहिरीत उतरे, व ते पंपाने टेकडीवरील टाकीत चढविले जाई. पुस्तकात दिलेला मार्ग परवडत नाही असे दिसताच स्थळाची वाळू, नदी व टेकडी ह्यांपासूनच उपाय काढण्याची ही बुद्धी होती. १८९५ साली ते काम पुरे झाले.

त्यानंतर सुरत व पुणे येथे त्यांच्या नेमणुका झाल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्यासारख्यांचा सहवास त्यांस लाभला, आणि आपल्या खात्यापलीकडील देशस्थितीचा विचार करण्याची सवय जडली. १८९८ साली त्यांनी जपानचा प्रवास केला. त्या देशाने शाळा व कारखाने ह्यांच्या बळावर एका पिढीत केलेली प्रगती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. हा प्रवास कोणत्याही बढतीस आवश्यक नव्हता. खात्याच्या कोणत्याही परीक्षेत जपानवर प्रश्न येणार नव्हता. परंतु पुढे म्हैसुरात त्यांनी जे केले त्याचे बीज ह्या प्रवासात आहे.

पुण्याच्या पाटबंधाऱ्यांवर असताना त्यांनी दोन कामे केली, ती महाराष्ट्राने विसरू नयेत. पहिले नीरा कालव्यावरील गटपद्धतीचे. कालव्याचे पाणी कोठे अति, कोठे मुळीच नाही, असा प्रकार चाले. उसास वाटेल तितके पाणी घेतले जाई व जमिनी पाणथळ होत. गावोगाव जमिनीचे गट पाडून, त्यांत ऊस व इतर पिके आळीपाळीने घेऊन, पाण्याचा हिशेब बांधून देण्याची योजना त्यांनी मांडली. बागायतदारांनी आरंभी विरोध केला. त्यांच्याशी बोलून, समजूत घालून ती अमलात आणावी लागली. दुसरे काम खडकवासल्याचे. तेथील तलावात पावसाळ्यात येणारे जास्त पाणी सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. जुनी भिंत उंच करणे खर्चाचे व धोक्याचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसविले, की पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो ते बंद राहत, त्यापुढे पूर आला की आपोआप उघडत, आणि पूर ओसरताच पुन्हा मिटत. धरण तेच, पण साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. ह्या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावे झाले. तथापि सरकारी चाकरीत असताना काढलेल्या युक्तीचा मोबदला सरकारकडून घेणे त्यांस प्रशस्त वाटले नाही, आणि तो त्यांनी नाकारला.

अशा कामगिरीमुळे कित्येक ज्येष्ठांना मागे टाकून त्यांस बढत्या मिळाल्या. इलाख्याचे सॅनिटरी इंजिनियर म्हणून शहरांच्या पाणीपुरवठ्याची व सांडपाण्याची कामे त्यांनी पाहिली. १९०६ साली ह्याच कामासाठी ते एडनलाही जाऊन आले. परंतु शिडीची शेवटची पायरी तेव्हा निराळ्या लोकांसाठी होती. वरिष्ठ इंजिनियरांची भरती मुख्यतः विलायतेत होत असे. ह्या कामासाठीच कूपर्स हिल येथे १९०६ पर्यंत एक स्वतंत्र कॉलेज चालत होते. पुण्यात पहिला आलेला हिंदी मनुष्य कितीही कर्तबगार असला, तरी चीफ इंजिनियरच्या खुर्चीवर बसेल असा रंग दिसत नव्हता. हे ओळखून १९०८ साली, पूर्ण पेन्शनला लागणारी पंचवीस वर्षे भरण्यापूर्वीच, त्यांनी निवृत्तीचा अर्ज केला. सरकारने अपवाद करून पेन्शन दिले. येथे वर्षे मोजीत, कुढत, काम ढिले करीत बसणे किती सोपे होते! आमच्या पाहण्यात असे कितीतरी गृहस्थ आहेत, की ज्यांची एक बढती हुकली आणि पुढची दहा वर्षे त्या एका दुःखात गेली. विश्वेश्वरय्यांनी दार बंद दिसताच ते ठोठावीत बसण्यात आयुष्य दवडिले नाही. परंतु त्यांना दुसरे दार मिळाले ते कशाच्या बळावर? वीस वर्षे केलेल्या अभ्यासाच्या बळावर. ज्याने नोकरीत काही मिळविलेच नाही, त्याने राजीनामा देऊन जावे तरी कोठे?

ते परदेश-प्रवासास निघाले. त्याच सुमारास, सप्टेंबर १९०८ मध्ये, हैदराबादेस मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला, आणि निजाम सरकारने त्यांस पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पूर अडवावा, ही त्यांची सूचना पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ह्यांच्या रूपाने साकार झाली. १९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने त्यांस चीफ इंजिनियर नेमले. मुंबईत जी खुर्ची मिळणार नव्हती, ती जन्मभूमीने दिली. १९११ साली कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते संस्थानाचे दिवाण झाले.

दिवाणगिरी पत्करण्यापूर्वी त्यांनी नातलगांना घरी बोलाविले आणि आपल्याकडे कोणीही कोणाची शिफारस करावयाची नाही, हे वचन सर्वांकडून घेतले, असे सांगतात. ही गोष्ट आमच्या वाचकांनी दोनदा वाचावी. आपल्या ज्ञातीतील कोणी मोठ्या हुद्द्यावर चढला, की त्याच्या दाराशी पहिली गर्दी कोणाची होते, हे आपण सारे जाणतो. त्या गर्दीत आम्हीही कधी उभे राहिलो आहोत.

दिवाण म्हणून त्यांनी सहा वर्षांत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगलोरचे इंजिनियरिंग कॉलेज, चंदनतेलाचा कारखाना अशी एकाहून एक कामे उभी केली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच : कचेऱ्यांतील काम किती व कसे होते ह्याची नियमित तपासणी त्यांनी सुरू केली, आणि होतकरू तरुणांस परदेशी शिक्षणासाठी पाठविण्याची व्यवस्था केली. नोकर शिकला तर राज्य शिकते, हा त्यांचा सिद्धान्त होता.

आता आम्हांस एका नाजूक प्रसंगाकडे वळले पाहिजे. तो गाळून चरित्र गोड करणे आम्हांस योग्य वाटत नाही. संस्थानातील सरकारी जागांपैकी बहुतेक एकाच वर्गाच्या हाती आहेत, अशी तक्रार इतर समाजांनी केली. महाराजांनी १९१८ साली सर लेस्ली मिलर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागासलेल्या समाजांस वरिष्ठ जागांपैकी निदान निम्म्या व कनिष्ठ जागांपैकी दोनतृतीयांश जागा सात वर्षांच्या आत मिळाव्यात, अशी शिफारस तिने १९१९ साली केली. विश्वेश्वरय्यांस हे धोरणच मान्य नव्हते. शिक्षण सर्वांस द्यावे, परंतु निवड गुणांवर करावी, असे त्यांचे मत होते. आणि समितीचा अहवाल येण्यापूर्वीच, १९१८ च्या अखेरीस, ते दिवाणपदावरून दूर झाले.

त्यांची सचोटी आम्ही मान्य करतो. मत मात्र अपुरे वाटते. गुण अंगी असले तरी ते दिसण्यास दार उघडे लागते. खुद्द विश्वेश्वरय्यांस शिष्यवृत्ती मिळाली नसती, पहिल्या येणाऱ्यासाठी जागा नसती, तर मुद्देनहळ्ळीच्या पोरक्या मुलाचे गुण कोणास कळते? आणि मुंबईत वरचे दार जन्मावरून बंद असल्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ह्या प्रश्नाचे निराळे उत्तर दिले होते. दार उघडणे हे राज्याचे व समाजाचे काम. आत गेल्यावर वाढणे हे नोकराचे. ह्यांपैकी दुसऱ्या गोष्टीत विश्वेश्वरय्यांस तोड नाही. पहिलीत शाहू महाराजांचे पाऊल पुढे होते, असे आम्हांस वाटते.

पुढेही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२३ पासून त्यांनी भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची धुरा वाहिली, आणि त्या कामाचे मानधन स्वतः न घेता धंदेशिक्षणाची संस्था काढण्याकडे लावविले. १९५५ साली भारतरत्न हा किताब त्यांस मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आज खातेनिहाय परीक्षा आहेत, प्रशिक्षण संस्था आहेत, घरबसल्या शिकण्याची साधने आहेत. विश्वेश्वरय्यांच्या वेळी ह्यांतील फार थोडे होते. असे असताही नोकरीत कायम झाल्यावर पुस्तक मिटणारेच आपल्यात अधिक. आपला मुलगा अथवा मुलगी सेवेत लागली, की पाच वर्षांनी तिला एवढेच विचारावे, की रुजू होताना येत नव्हते असे काय आज येते. आणि संघाने स्वतःस विचारावे, की वर्षभरात आपण किती चिठ्ठ्या लिहिल्या व किती शिष्यवृत्त्या दिल्या. चिठ्ठीने एक माणूस एका खुर्चीवर बसतो. शिष्यवृत्तीने काय होते, हे एका पोरक्या मुलाच्या चरित्रात आपण आताच वाचले.