अॅलन ट्यूरिंग : यंत्रास प्रश्न विचारणारा गणिती

संगणकविद्या शिकणारे तरुण हल्लीं एक नवी रीत अवलंबूं लागले आहेत. टर्मिनल नांवाच्या खिडकींत ते एका ओळीची आज्ञा टंकतात, यंत्रासाठीं स्वतः लिहिलेल्या सूचना, म्हणजे कोड, तिच्यासोबत धाडतात, आणि यांत चूक कोठें आहे असें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलास विचारतात. क्षणार्धांत उत्तराच्या ओळी त्याच खिडकींत उमटूं लागतात. बीड जिल्ह्यांतील तलवाडा येथें बसूनही हें करतां येतें. अक्षरें टंकून यंत्राशीं संभाषण करण्याची कल्पना ज्यांनीं पाऊणशें वर्षांपूर्वीं मांडली, त्या अॅलन ट्यूरिंग यांचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजीं लंडन येथें झाला. वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकरींत होते, व मातेचा जन्मही हिंदुस्थानांतलाच. आईबाप इकडे व मुलें इंग्लंडांत दुसऱ्याच्या घरीं, अशा स्थितींत त्यांचें बालपण गेलें. १९२६ सालीं शेरबर्न येथील शाळेंत दाखल होण्याच्या दिवशींच सार्वत्रिक संपामुळें आगगाड्या बंद होत्या. तेव्हां हा तेरा वर्षांचा मुलगा साउदॅम्प्टनहून सुमारें साठ मैल सायकल हांकीत, वाटेंत एक रात्र मुक्काम करून, शाळेंत हजर झाला! पुढें १९३० सालीं त्यांचा विज्ञानप्रेमी मित्र ख्रिस्तोफर मॉर्कम क्षयानें वारला. मित्राचें अपुरें राहिलेलें कार्य आपण पुढें चालवावें, असें त्यांच्या मनानें घेतलें.

केंब्रिज येथें असतांना १९३६ सालीं त्यांनीं एका काल्पनिक यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. कागदाच्या लांब फितीवरील चौकटींतील एकेक खूण वाचावी व सूचनेबरहुकूम ती बदलावी, एवढेंच त्या यंत्राचें काम. परंतु योग्य सूचना पुरविल्यास असें एकच यंत्र इतर सर्व यंत्रांचें काम करूं शकेल, हें त्यांनीं सिद्ध केलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सिद्ध झालेला टिफ्रॅक संगणक काय, किंवा आज पालकांच्या खिशांतील मोबाइल काय, दोहोंच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्लेचली पार्क येथें त्यांनीं पोलिश गणित्यांच्या पूर्वकार्याच्या आधारें जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुप्तलिपी उलगडण्यास मोठें साह्य केलें.

१९४९ सालीं केंब्रिज येथील परिषदेंत त्यांनीं मोठी आज्ञावली कशी तपासावी या विषयावर एक लहानसा निबंध वाचला. त्यांतील दृष्टान्त प्राथमिक शाळेंतील बेरजेचा आहे. हातचे लिहून ठेवले असतील तर तपासणारास एकेक घर स्वतंत्रपणें पडताळतां येतें. त्याचप्रमाणें आज्ञावली लिहिणारानें, या ठिकाणीं अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, अशीं विधानें जागोजागीं नमूद करावीं, असें त्यांचें सांगणें होतें.

पुढच्याच वर्षीं 'माइंड' या त्रैमासिकांत त्यांनीं यंत्र विचार करूं शकेल काय, या प्रश्नाची चर्चा केली. एका खोलींत प्रश्न विचारणारा, दुसरीकडे एक मनुष्य व एक यंत्र; प्रश्नोत्तरें सारीं टंकलेलीं; आणि उत्तरांवरून यंत्र कोणतें तें ओळखावयाचें, असा तो खेळ. नमुन्यादाखल दिलेल्या संवादांत ३४९५७ व ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे, व सुमारें अर्ध्या मिनिटानें १०५६२१ हें उत्तर आलें आहे. वाचकांनीं पाटीवर ही बेरीज अवश्य करून पाहावी. खरें उत्तर १०५७२१ येतें. दशकाच्या घरांतील हातचा शतकाच्या घरांत मिळवावयाचा राहिला आहे! माणसासारखें भासावें म्हणून यंत्र मुद्दाम चुका करील, असें ट्यूरिंग यांनीं त्याच लेखांत सुचविलें आहे. आजचीं मॉडेलें मुद्दाम नव्हे, पण खरोखरच चुकतात, आणि चुकीचें उत्तरही मोठ्या ठामपणें देतात.

अशा या पुरुषाचा शेवट मात्र दुःखद झाला. पुरुषाचा पुरुषाशीं संबंध हा त्या वेळीं इंग्लंडांत गुन्हा होता. त्याखालीं १९५२ सालीं त्यांस दोषी ठरवून, तुरुंग टाळावयाचा तर औषधोपचार घ्यावे, अशी अट घालण्यांत आली. ७ जून १९५४ रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, विषानें त्यांचा अंत झाला; चौकशींत तो आत्मघात ठरला. ब्रिटिश सरकारनें २००९ सालीं याबद्दल क्षमा मागितली, २०१३ सालीं त्यांस राजक्षमा मिळाली, व २०२१ सालीं त्यांचें चित्र पन्नास पौंडांच्या नोटेवर आलें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रास प्रश्न विचारण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. मात्र त्यानें सुधारून दिलेला कोड, ज्याचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक आहे अशा लहान उदाहरणावर चालवून पाहावा, आणि मगच तो आपला म्हणावा. पालकांनींही मुलांस, उत्तर काय आलें एवढेंच न विचारतां, तें पडताळलें कसें, हेंही विचारीत जावें.