सम्राट अशोकांचे स्वयंपाकघर : दोन मोर आणि एक हरीण

सम्राट अशोकांचे नाव घेतले की आपल्याला कलिंग आठवते, चौऱ्याऐंशी हजार स्तूप आठवतात, महेंद्र आणि संघमित्रा आठवतात. त्यांच्या स्वयंपाकघराची आठवण सहसा कोणी काढत नाही. वास्तविक त्यांच्या चौदा शिलालेखांतला पहिलाच लेख त्याविषयी आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजाने आपल्या मुदपाकखान्यात रोज काय शिजते, हे दगडावर कोरून प्रजेला सांगितले. असे करणारा दुसरा राजा माझ्या तरी वाचनात नाही.

हे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही, असा व्हीगन आहार आपल्यातील काही तरुण-तरुणी पाळू लागले आहेत. त्यामागची करुणा खरी आहे. पण वस्तीत कोणी याविषयी बोलायला उभे राहिले की दोन मिनिटांत बोलणे जातीवर येते. ते साहजिकही आहे. ताटात मांस असते म्हणून घर नाकारलेली माणसे आपल्यात आहेत. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला, ब्राह्मण शाकाहारी का झाले याचीही चिकित्सा केली. त्या चिकित्सेत त्यांनी अशोकांचे लेख तपासले, आणि अशोकांनी गायीला म्हणून वेगळे संरक्षण दिलेले नाही हे नोंदवले. तेव्हा प्राण्यांविषयीची करुणा आणि शुद्ध-अशुद्धतेचा दंभ या दोन गोष्टी वेगळ्या करूनच या विषयाकडे जावे लागते. अशोकांच्या चरित्रात त्या वेगळ्या झालेल्या दिसतात.

चंद्रगुप्त मौर्यांचे ते नातू, बिंदुसाराचे पुत्र. राजपुत्र असताना ते उज्जयिनीला होते असे सिंहली ग्रंथ सांगतात, तक्षशिलेचे बंड शमवायला गेले होते असे अशोकावदान सांगते. त्यांच्या तरुणपणाविषयीच्या कथा भयंकर आहेत. नव्व्याण्णव भावांना मारले, माणसांचा छळ करण्यासाठी तुरुंग बांधला, लोक त्यांना चंडाशोक म्हणत. या कथा जपूनच घ्याव्यात. धम्म स्वीकारण्याआधीचा अशोक जितका काळा रंगवावा तितके नंतरचे परिवर्तन उजळ दिसते, हे लेखकांना ठाऊक होते. अभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेल्या धम्ममहामात्रांच्या कामांची यादी देताना अशोक स्वतः आपल्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख करतात. सगळे भाऊ मारले असते तर ही घरे कुठून आली असती?

कलिंगाचे मात्र तसे नाही. ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. इ.स.पू. २६८ च्या सुमारास अभिषेक झाला आणि त्यानंतर आठ वर्षांनी हे युद्ध झाले. दीड लाख माणसे देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट नंतर मेली, असे तेराव्या शिलालेखात आहे. विजेत्या राजाने स्वतःच्या विजयाचा असा हिशेब मांडावा आणि त्याचे दुःख सांगावे, हे विलक्षण आहे.

आपण समजतो की कलिंगाच्या रणभूमीवर तलवार टाकली आणि त्या क्षणी सम्राट बदलले. त्यांचे स्वतःचे म्हणणे तसे नाही. लघुशिलालेखात ते सांगतात की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर आपल्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर प्रयत्न वाढला. हा प्रयत्न मोठ्यांनाच जमतो असे नाही, लहान माणूसही तो करू शकतो, असेही ते पुढे म्हणतात. एका रात्रीत व्हीगन झालेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हातच्या चहाला नावे ठेवणाऱ्या मित्रांनी हा लेख जरूर वाचावा.

अभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेले. त्याआधीचे राजे विहारयात्रा करत. विहारयात्रा म्हणजे शिकार आणि इतर करमणूक. अशोकांनी ती सोडली आणि धम्मयात्रा सुरू केली. हे सांगणारा आठवा शिलालेख आपल्या महाराष्ट्रातही होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याला त्याचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, तिथेच नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपारा हे तेव्हाचे गजबजलेले बंदर, मासेमारीवर जगणारा किनारा. त्या किनाऱ्यावर राजा लोकांना काय सांगतो आहे, तर मी शिकार सोडली.

आता तो पहिला शिलालेख. पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात सूप, म्हणजे कालवण करण्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात असे त्यात आहे. आकडा शब्दशः घेण्याची गरज नाही, पण दरबार, पाहुणे, नोकरचाकर, अन्नदान हे सगळे धरले तर कत्तल प्रचंड असणार. हा लेख लिहिला जात असताना ती संख्या तीनवर आली होती. दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे सांगून लेख संपतो.

मला या लेखातला सर्वांत मोलाचा भाग ते दोन मोर वाटतात. सम्राटांना ते लपवता आले असते. राजवाड्यात सर्व हिंसा थांबली, असे कोरले असते तर कोण तपासायला जाणार होते? त्यांनी अपुरे काम अपुरे म्हणून सांगितले. ज्याला स्वतःला सोडायला वेळ लागला, आणि अजून थोडे राहिले आहे असे जो चारचौघांत कबूल करतो, त्याचे बोलणे समोरच्याला ऐकावेसे वाटते. आपल्याकडे आहाराविषयी बोलणारा माणूस बहुतेक वेळा आधीच शिखरावर जाऊन बसलेला असतो आणि तिथून खाली बोलतो.

दुसरी गोष्ट, सुरुवात कुठून झाली ती पाहावी. कपात झाली ती आधी राजाच्या ताटात. स्वस्तात मिळणाऱ्या सुकटीवर भाकरी खाणाऱ्या घरापासून अशोकांनी सुरुवात केली नाही. सगळ्यांत जास्त ज्याच्याकडे होते आणि ज्याच्याकडे दुसरे पर्याय होते, त्याने आधी सोडले. लगेच दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे येते. जिथे औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे नव्हती तिथे ती आणून लावली, रस्त्याकडेला विहिरी खणल्या, झाडे लावली. कंदमुळे आणि फळे लावणे हे त्या लेखात औषधोपचाराच्या संदर्भात आले आहे हे खरे. पण काय खाऊ नका हे सांगणारा राजा काय मिळेल याचीही व्यवस्था करत होता. आपल्याकडे पिठलं-भाकरी, शेंगदाण्याची आमटी, हुलग्याचं माडगं, वालाचं बिरडं हे सगळे आधीपासून आहे. तरी व्हीगन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मॉलमधले महागडे बदामाचे दूध येते. हा दोष लोकांचा नाही.

याचा परिणाम झाला का? १९५८ साली कंदाहारला ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला अशोकांचा लेख सापडला. त्यात राजाने प्राणी मारणे सोडल्याचे, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीही आपले काम थांबवल्याचे आणि इतर माणसेही आपापल्या शक्तीप्रमाणे संयम पाळू लागल्याचे सांगितले आहे. हा सरकारी दावा आहे हे मान्य. त्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी पुढे पोट कसे भरले याविषयी लेख गप्प आहे, आणि आज कोणाला मासेमारी किंवा कुक्कुटपालन सोड म्हणताना हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

अशोकांनी केवळ समजावले आणि नियम केलेच नाहीत, असे मात्र नाही. पहिल्याच लेखात यज्ञासाठी प्राणी मारण्याला मनाई आहे. अभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची लांबलचक यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर असे कितीतरी. ठरावीक उपोसथाच्या दिवशी मासे मारायचे नाहीत, विकायचेही नाहीत. कोंबड्यांना खच्ची करायचे नाही. जीवजंतू असलेला भुसा जाळायचा नाही. उगाच रान पेटवायचे नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकच्या जुन्या शिलालेखातही प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई आहे, आणि वा. वि. मिराशींच्या मते तो अशोकांच्या धम्ममहामात्राचा असावा.

या यादीत एक कलम असे आहे की व्हीगन विचाराच्या सर्वांत जवळ तेच जाते. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण मारू नये, आणि सहा महिन्यांच्या आतले त्यांचे पिल्लूही मारू नये. अशोकांनी दूध सोडा असे कुठेही म्हटलेले नाही, आणि सुजातेची खीर स्वीकारणाऱ्या बुद्धांच्या अनुयायाकडून ते अपेक्षितही नव्हते. त्यांना व्हीगन ठरवणे म्हणजे इतिहासावर आपली इच्छा लादणे होईल. पण आई आणि पिल्लू यांचा विचार त्यांनी केला. आजच्या दुग्धव्यवसायात नर वासराला किंमत उरत नाही. अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या जातींची नर पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच मारली जातात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. ही माहिती आपल्यातल्या अनेकांना नाही. ती शांतपणे सांगितली तर माणसे ऐकतात, असा माझा अनुभव आहे. लगेच कोणी दूध सोडत नाही, पण चहाचा कप हातात घेऊन विचार करतात.

या सगळ्या नियमांचे मूल्यमापन अशोकांनी स्वतःच एका वर्षाने केले. सातव्या स्तंभलेखाचा तो खांब आज दिल्लीत आहे. फिरोजशहा तुघलकाने तो टोपऱ्याहून तिथे नेला. धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली, नियमाने आणि निझतीने, असे त्यावर कोरले आहे. निझति म्हणजे नीट पाहून, विचार करून पटणे. कोणी त्याचा अर्थ चिंतन करतात, कोणी समजावणी. अमुक अमुक प्राणी मारू नयेत हा नियम झाला, तो आपणच केला, असे सम्राट म्हणतात आणि त्यापुढे सांगतात की नियमाने थोडेच साधले, प्राण्यांना इजा न करण्याची वृत्ती माणसांत वाढली ती निझतीने. ज्याच्या हातात सेना, अधिकारी आणि दंड सगळे होते, त्या माणसाचा राज्यकारभाराच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांनंतरचा हा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या कायद्याने कोणाच्या मनात बैलाविषयी करुणा उपजली, हे मला दिसलेले नाही. भीती उपजली, ती दिसते. ज्यांच्या ताटातले आणि ज्यांच्या धंद्यातले ते होते त्यांच्याशी कोणी निझतीचे बोलणे केले नव्हते. व्हीगन चळवळीतल्या आपल्या मित्रांनी अशा बंदीच्या बाजूने उभे राहू नये असे मला वाटते, प्राणी वाचतात असे वाटले तरी.

बाराव्या शिलालेखातला वाणीचा संयमही इथे लागू पडतो. स्वतःच्या पंथाची स्तुती करण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो, असा त्याचा आशय. मांस खाणाऱ्याला अशोकांनी कुठेही हीन, अपवित्र किंवा राक्षस म्हटलेले नाही. सगळे लेख पुन्हा वाचून पाहा. शुद्धता हा मुद्दाच तिथे नाही. आहे तो मारल्या जाणाऱ्या जिवाचा.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोकांचे निधन झाले. ते दोन मोर आणि ते हरीण पुढे खरोखर वाचले की नाही हे कोणत्याही लेखात नाही. त्यांच्या शेवटाची एक कथा मात्र अशोकावदानात आहे. म्हातारपणी सम्राट आजारी पडले. ते संघाला दान करतच होते, म्हणून अमात्यांनी आणि युवराजाने खजिना त्यांच्यापासून बंद केला. सोन्याच्या ताटात जेवण आले की ते ताट विहाराला पाठवीत, म्हणून चांदीचे ताट आले, मग लोखंडाचे, मग मातीचे. शेवटी त्यांच्या हातात अर्धा आवळा उरला. तो त्यांनी पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामात संघाला पाठवला. इतके भिक्खू, आणि अर्धा आवळा. स्थविरांनी तो कुटायला लावला, मोठ्या भांड्यातल्या पातळ कालवणात घातला आणि ते कालवण सगळ्या भिक्खूंच्या पात्रांत वाढले.