पगार सोडणारा पाद्री

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांनी पाठ फिरविली. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी प्रवचने केली, भक्तिगीते रचली. परंतु परदेशी पैशावर पोसलेला उपदेशक दरिद्री श्रोत्याला पगारी नोकरच वाटणार, हे शल्य त्यांना सलत राहिले. अखेर १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. या त्यागाचे कौतुक व्हावेच. मात्र टिळक हातचा पैसा वाटून टाकीत, तेव्हा चूल पेटती ठेवण्याची विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. दरबाराला त्यांची अवघी दोन वर्षे लाभली.