कॅमेऱ्याला घाबरून गिऱ्हाईक येईना. त्याच फाळकेंनी पुढे घराचा स्टुडिओ केला

लग्नाचा बायोडेटा असो की इन्स्टाचा डीपी, एक चांगला पोर्ट्रेट फोटो लागतोच. त्यासाठी आता नंदुरबार नाहीतर सुरत गाठायलाच पाहिजे असं नाही. खांडबाऱ्यातल्या एखाद्या घरात मागे चादर बांधली आणि बाजूला लाईट लावला की झाला स्टुडिओ तयार.

पण घराचा स्टुडिओ करायची ही आयडिया आजची नाही. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हेच केलं होतं. सिनेमाच्या आधी ते पोर्ट्रेट फोटोग्राफर होते. आणि त्यांचा तो धंदा चक्क बसला होता.

झालं असं की…

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला शिकता शिकता कॅमेऱ्याचा नाद लागला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी पोरातली चुणूक ओळखली आणि संस्थेचा फोटो स्टुडिओ वापरायला दिला.

१८९५ च्या सुमारास फाळकेंनी गोध्रा गाठलं आणि फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण तिथे प्लेगची साथ आली. त्यात पत्नी गेली, मूल गेलं. फाळके बडोद्याला परत आले आणि पुन्हा कॅमेरा उभा केला.

आता अडचण वेगळीच होती. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असा समज लोकांत होता.

आज हसू येतं, पण तेव्हाचा स्टुडिओ कसा असायचा ते बघा. विजेचे दिवे दुर्मीळ, त्यामुळे सगळी भिस्त सूर्यावर. छप्पर किंवा एक भिंत काचेची असायची, तीही शक्यतो उत्तरेकडची. कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर मऊ उजेड मिळतो. काचेवरचे पडदे सरकवून तो कमी-जास्त करायचा. उजेड कमी असला की गिऱ्हाइकाला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. हलला की चेहरा पुसट. मान हलू नये म्हणून बऱ्याच स्टुडिओंत डोक्यामागे लोखंडी आधार असायचा.

आधीच मनात भीती, त्यात हा थाट. अशा माणसाच्या चेहऱ्यावर कसलं हसू येणार?

शेवटी फाळकेंनी नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. तीही नोकरी सोडली, छापखाना काढला, भागीदारांशी बिनसलं आणि तिथूनही बाहेर पडले.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच गोष्ट बसली. आपल्या देवादिकांचा सिनेमा आपणच करायचा. दिवसरात्र अभ्यास सुरू झाला. इतका, की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली, तशी विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं आणि तिथे कॅमेऱ्याची ऑर्डर दिली.

आता स्टुडिओ कुठे? तर घरात. दादरच्या मथुरा भवनात फाळकेंचं बिऱ्हाड होतं. तिथेच आवारात काचेची एक छोटी खोली बांधली आणि डार्करूम केली.

पहिला मॉडेलही असा निवडला, की जो घाबरणार नाही आणि हलणारही नाही. वाटाण्याचं रोप! कुंडीत वाटाणा लावून रोज त्याची थोडी थोडी फिल्म घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ही फिल्म बघून पैसे लावणारे पुढे आले, पण ते पुरेसे नव्हते. मग पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाई फक्त दागिने देऊन थांबल्या नाहीत. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती त्यांनी रात्री अंधारात बसून पाडली. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. आणि शूटिंग चालू असताना भर उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहिल्या.

ती चादर कशासाठी? तर उजेड एका बाजूने आला की चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते. त्या बाजूला पांढरं कापड धरलं की उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो. सावली राहते, पण डोळे दिसतात. कापड जवळ आणलं की सावली फिकी, लांब नेलं की गडद. आज दुकानात रिफ्लेक्टर विकत मिळतो, तो करतो हेच काम.

तुम्हालाही घरी जमेल. ऊन थेट आत येत नाही अशी खिडकी निवडा. माणसाला तिच्याकडे थोडं तिरकं बसवा. खोलीतला पिवळा दिवा बंद करा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर धरा. आणि महत्त्वाचं म्हणजे लगेच क्लिक करू नका. आधी दोन गोष्टी बोला. भीती गेल्याशिवाय चेहरा खुलत नाही, मग लाईट कितीही भारी असू द्या.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये राजा हरिश्चंद्र लागला आणि लोकांनी गर्दी केली. ज्या यंत्राला लोक घाबरत होते, त्याच यंत्राने टिपलेले चेहरे बघायला आता तिकीट काढत होते.

१६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके नाशिकमध्ये गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. पण त्यांच्या पहिल्या सिनेमातल्या चेहऱ्यांवर जो उजेड पडला होता, त्यातला काही सरस्वतीबाईंच्या हातातल्या चादरीवरून आला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.