रबराचा चीक आणि गुरांची कुरणे

ब्राझीलचे शिको मेंदेस हे अ‍ॅमेझॉनच्या जंगलासाठी प्राण देणारे निसर्गप्रेमी म्हणून जगभर ओळखले जातात. ही ओळख खोटी नसली तरी अपुरी आहे. मेंदेस हे प्रथम कामगार-संघटक होते. झाडांवरील ममतेपेक्षा उदरनिर्वाहाच्या हिशेबातून ते या लढ्यात ओढले गेले आणि त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व या हिशेबातच आहे.

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, बोलिव्हियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या आक्रे प्रांतात, शापुरी गावाजवळ 15 डिसेंबर 1944 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जंगलातील रबराचा चीक गोळा करीत. मुलगाही कोवळ्या वयातच त्याच कामाला लागला. पहाटे उठून झाडाच्या सालीवर तिरकस चीर द्यायची, खाली वाटी अडकवायची, फेरी पुरी करून चीक गोळा करायचा आणि तो धुरावर धरून त्याचा गोळा बनवायचा, हा त्यांचा दिनक्रम होता. मीठ, तेल, कापड सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर मिळे आणि वर्षअखेरीस खात्यावर देणेच निघे. मजुरांच्या मुलांसाठी शाळा नको, असाच मळेमालकांचा कटाक्ष असे. कारण अक्षर कळले की आकडाही कळतो! मेंदेस वाचायला शिकले ते तारुण्याच्या उंबरठ्यावर. जंगलात आश्रयाला आलेल्या एउक्लिदेस ताव्होरा या साम्यवादी बंडखोराने त्यांना जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे अक्षरओळख करून दिली.

1970 नंतर चित्र पालटले. लष्करी राजवटीने अ‍ॅमेझॉनच्या ‘विकासा’साठी गुरांच्या कुरणांना करसवलती व स्वस्त कर्जे देऊ केली. दक्षिणेकडील भांडवलदारांनी जमिनी घेतल्या, जंगल तोडून जाळले आणि तेथे गवत पेरले. त्या पातळ मातीत कुरण काही वर्षांतच निकृष्ट होई. परंतु सवलत पदरात पडलेली असे आणि जमिनीची किंमतही चढलेली असे. बाजाराच्या नावाने चाललेला हा व्यवहार मुळात सरकारी तिजोरीच्या आधारावर उभा होता. चीक काढणाऱ्या एका कुटुंबाला साधारणतः तीनशे हेक्टर जंगल लागते, ही उधळपट्टी आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. तथापि मोठ्या कुरणाला तेवढ्या क्षेत्रावर मोजकेच गुराखी पुरत, हे आक्षेपक सांगत नसत.

1976 पासून या मजुरांनी ‘एम्पाते’ हा मार्ग स्वीकारला. बायकामुलांसह जथ्याने तोडीच्या जागी जायचे आणि करवत चालविणाऱ्यांना काम थांबविण्यास सांगायचे. समोरचे तोडणारेही पोटासाठी आलेले गरीबच असल्याने बोलणे हेच मुख्य शस्त्र होते. 1980 मध्ये ब्राझीलेया येथील संघटनेचे अध्यक्ष विल्सन पिन्येरो यांची हत्या झाली आणि चळवळीची धुरा मेंदेस यांच्याकडे आली. 1985 मध्ये ब्राझिलिया येथे रबर-मजुरांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्यातून पुढे आलेली ‘संकलन-राखीव क्षेत्रा’ची कल्पना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष विचार करायला लावणारी आहे. जमीन सरकारची, वापराचा हक्क तेथील कुटुंबांचा आणि विक्रीची मुभा कोणालाच नाही, असे तिचे स्वरूप होते. माणसांना हाकलून वन राखणे आणि वन तोडून माणसांना वसविणे, हे दोन्ही मार्ग तिने नाकारले.

1987 मध्ये मेंदेस मायामीला आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या बैठकीला गेले. आक्रेकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यासाठी ही बँक कर्ज देत होती. रस्त्यालगतच्या जंगलाची व तेथील लोकांची काय व्यवस्था केली, हा त्यांचा प्रश्न होता. कर्जाचे हप्ते पुढे स्थगित झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. गावचे पशुपालक जमीनदार मात्र त्यांना विकासाचे वैरी म्हणू लागले. 22 डिसेंबर 1988 रोजी संध्याकाळी घराच्या मागील दारी त्यांना गोळी घालण्यात आली. संरक्षणासाठी नेमलेले पोलीस त्या वेळी घरातच होते! 1990 मध्ये दार्ली आल्व्हेस या जमीनदाराला व त्याच्या मुलाला या खुनाबद्दल प्रत्येकी एकोणीस वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये सुमारे 9 लाख 70 हजार हेक्टरांचे राखीव क्षेत्र मेंदेस यांच्या नावाने घोषित झाले. 2000 च्या कायद्याने अशा क्षेत्रांत खाणकामास बंदी घातली. संकलनाच्या जोडीला निर्वाहापुरती शेती आणि लहान जनावरे पाळण्यास वाव ठेवला. परंतु रबराचा भाव मात्र कायद्याने ठरत नाही. मलायातील लागवडीच्या रबराने जंगली रबराची बाजारपेठ विसाव्या शतकाच्या आरंभीच मोडली होती, आणि देशी रबराला मिळणारे संरक्षणही 1990 नंतर ढासळले. आक्रे प्रांताने 1999 मध्ये मेंदेस यांच्याच नावाच्या कायद्याने रबराच्या प्रत्येक किलोमागे अनुदान सुरू केले. कुरणांना ज्या उदारपणे सवलती मिळाल्या होत्या, त्या मानाने ही मदत तुटपुंजीच म्हणावी लागेल.

परिणामी त्या राखीव क्षेत्रातही जंगल तोडून केलेली कुरणे वाढत गेली आहेत. तेथील गुरे केवळ बाहेरच्या जमीनदारांची नाहीत; त्यांतली कितीतरी रबर-मजुरांच्याच मुलांची आहेत. घरात आजारपण आले की गाय एका दिवसात विकता येते, रबराचे झाड तसे विकता येत नाही.