मुधोळचे राजे आणि बेरडांचे कुत्रे

सचिन हे सिद्दी नवाबांचे जुने संस्थान. येथे माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा आपला तिकिटांचा संग्रह दाखविला. त्यात २००५ साली टपाल खात्याने काढलेले मुधोळ कुत्र्याचे तिकीट होते. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेले. ते पाहून कै. श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांची हकीकत आठवली.

घटप्रभेकाठचे मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान; आज ते कर्नाटकात आहे. मालोजीरावांचा जन्म १८८४ चा. १९०० मध्ये ते गादीवर आले. राजाला शिकारीचा शौक असावा यात नवल नाही. पण विलायती कुत्र्यांचे कौतुक असलेल्या त्या काळी त्यांची नजर आपल्याच मुलखातील बेरडांच्या कुत्र्यांवर गेली. बंदुकीने पाडलेले पाखरू शोधून आणणारे विलायती कुत्रे निराळे. हे कुत्रे नजरेवर धावतात. माळावर ससा उठला की वाऱ्यासारखे सुटतात. मालोजीरावांनी निवडक कुत्रे राखून हे वाण जोपासले आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली. संस्थानाचे नाव कुत्र्याला चिकटले ते कायमचे.

पण हे वाण मुळात होते कोणाच्या दाराशी? त्याच संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी १८५७ मध्ये इंग्रजांना हत्यारे देण्याचे नाकारले आणि त्यापायी कित्येकजण फासावर गेले. शिकारीवर जगणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचे पोटच. त्यांच्या कुत्र्याला मात्र नाव मिळाले ते राजाच्या गावाचे.

माझे वडील राजाश्रयातले गवई. आश्रयावाचून विद्या टिकत नाही, असे ते मानीत. पण रियाज गवयाचाच, हेही ते आम्हाला विसरू देत नसत. मालोजीरावांचे श्रेय मी याच मापाने मोजतो. त्यांनी वाण निर्माण केले नाही, वेळीच ओळखले. हेही थोडे नव्हे.

१९३७ पर्यंत त्यांनी राज्य केले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवसही सरले. तरी मुधोळच्या खेड्यांतून हे कुत्रे आजही पाळले जातात, तिम्मापूरला त्यांच्या संवर्धनाचे केंद्र आहे आणि लष्करानेही त्यांची पिल्ले नेली आहेत. वाड्याने उचललेले वाण अखेर गावकऱ्यांच्या अंगणातच टिकले.

मुलाला तिकीट परत देताना मी राजाचे नाव सांगितले आणि बेरडांचेही.